नदीकाठच्या इमारतींना पूल कशाला?

प्रश्न : अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात नुकतंच जाणं झालं. नदीकाठच्या जुन्या इमारतींमध्ये वरच्या रस्त्यावरून छोट्या लोखंडी पुलांवरून शिरतात. हे पूल कशाला बांधले? गाइडने ‘इथे कापूस विकायचे’ एवढंच सांगितलं. – एक वाचक

उत्तर : गाइडने सांगितलं ते खरं, पण फारच थोडं. शहर वसलंय कड्यावर आणि नदी आहे खाली. त्यामुळे कड्याला लागून बांधलेल्या या इमारतींना दोन तोंडं आहेत. खालचे मजले नदीकडे उघडतात, त्या वखारी. वरचे मजले वरच्या रस्त्याकडे, म्हणजे बे स्ट्रीटकडे, तिथे ‘फॅक्टर’ लोकांच्या कचेऱ्या. रस्ता आणि इमारती यांच्यामध्ये खाली बोळ आहे, तो ओलांडून कचेरीत शिरायला हे पूल. फॅक्टर म्हणजे आपल्याकडचा अडत्याच : मळेवाल्याला पिकावर उचल द्यायची, माल विकून द्यायचा, आपली अडत कापून घ्यायची. कापसाच्या गाड्या त्या बोळातून जाताना हे लोक पुलावर उभे राहून वरूनच माल पारखायचे. म्हणून त्या बोळाला आजही फॅक्टर्स वॉक म्हणतात.

मी गेलो तेव्हा पाऊस पडून गेला होता. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर पाय सटकत होता, म्हणून खाली बघतच चाललो आणि ते दगड नीट दिसले. काळे, करडे, तांबूस. एकासारखा दुसरा नाही. ते तिथले नव्हेतच. कापूस न्यायला येणारी जहाजं हलकी असत, ती डोलू नयेत म्हणून तळाशी दगड भरत. इथे दगड उतरवायचे आणि गाठी चढवायच्या. त्याच दगडांनी हे उतार आणि कड्याच्या भिंती बांधल्या.

या कापसामागे गुलामांचे कष्ट होते, हे मला तिथे कुणी आपणहून सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. शहरातल्या कितीतरी जुन्या घरांच्या करड्या विटासुद्धा हर्मिटेज मळ्यावरच्या गुलामांनी पाडलेल्या. आणि मार्च १८५९ मध्ये शहराबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत चारशेहून अधिक माणसांचा लिलाव झाला. पुलाचं कौतुक करताना हेही डोळ्यांपुढे हवं.

इमारती टिकल्या त्या मात्र नागरिकांमुळे. १९५४ मध्ये जुनी मंडई पाडून तिथे गाड्यांचा बहुमजली तळ केला, तेव्हा लोक हळहळले. पुढच्याच वर्षी १८२० सालचं डेव्हनपोर्ट हाऊस पाडायची वेळ आली, तर सात बायकांनी पैसे उभे करून ते वाचवलं. तिथलं जतनाचं काम त्यातूनच उभं राहिलं. तो वाहनतळही पुढे पाडला, आता तिथे पुन्हा मोकळा चौक आहे.

पुन्हा गेलात तर १८८७ च्या कॉटन एक्सचेंजच्या, म्हणजे कापसाच्या सौद्यांच्या बाजाराच्या, लाल इमारतीखाली जरूर उतरा. ती चक्क रस्त्यावर बांधलेली आहे. गाड्यांना नदीकडे जायला खालून वाट ठेवली होती. त्या कमानीत उभं राहून वर पुलांकडे बघा.