कॅसेटला फुंकर मारू नका

मागच्या अंकात जुन्या रेडिओंबद्दल लिहिताना मी शेवटी सहज म्हटलं होतं, की माझ्या कपाटात रेडिओच्या शेजारी एक चालू असलेला व्हिडिओ गेमही आहे. त्या एका वाक्यावर रेडिओपेक्षा जास्त पत्रं आली. त्यातली पाच आज घेते.

प्रश्न : ताई, माझा मुलगा सातवीत आहे. त्याला जुने गेम जमवायचा नाद लागलाय. परदेशात म्हणे लोक दान केलेल्या वस्तूंच्या दुकानांत जाऊन असे गेम शोधतात. मुंबईत कुठे शोधायचे? – एक वाचक, डोंबिवली

तशी दुकानं आपल्याकडे फारशी नाहीत, पण आपल्याकडे माळे आहेत. घर रंगवायला काढलं, चाळ पुनर्विकासात गेली, की वीस-वीस वर्षं वर पडलेलं सामान एका दिवसात खाली येतं आणि रद्दीवाल्याकडे नाहीतर भंगारवाल्याकडे जातं. तिथून ते तुकडे होऊन पुढे जाण्याआधी गाठायचं. म्हणून पहिलं काम हे, की तुमच्या वस्तीतल्या दोन-तीन रद्दीवाल्यांकडे मुलाला घेऊन जा, गेमच्या कॅसेटचा आणि रिमोटचा फोटो दाखवा आणि तुमचा नंबर देऊन ठेवा. "असं काही आलं तर फोडू नका, आधी मला फोन करा." माझ्याकडची सगळ्यात चांगली कॅसेट दादरच्या एका रद्दीवाल्याने राखून ठेवली होती, मोडक्या बादल्यांच्या ढिगाशेजारी, पिशवीला गाठ मारून. तिचे त्याने प्लॅस्टिकच्या भावाने पैसे मागितले. मी जास्त दिले, कारण त्याने पुन्हा फोन करायला हवा होता.

दुसरी जागा चोरबाजार. शुक्रवारी मटण स्ट्रीटवरची पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुना बाजार भरतो. ग्रँट रोड किंवा सँडहर्स्ट रोडला उतरून चालत जा. लवकर जा, उजाडताना माल अजून गाठोड्यात असतो. जाताना चार पेन्सिल सेल, एक छोटा स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च सोबत असू द्या. वस्तू हातात आली की आधी सेलचं झाकण उघडायचं. आत पांढरट-हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर सेल फुटून त्यातलं रसायन बाहेर आलेलं असतं. ते स्प्रिंगपुरतं असेल तर कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून निघतं, पण बोर्डापर्यंत पोचलं असेल तर ती वस्तू तिथेच ठेवा. मग स्क्रूंची डोकी बघा. ती गंजलेली असतील तर आपल्या खाऱ्या हवेने आतही काम केलेलं असणार. शेवटी हलवून पाहा, आत काही खुळखुळतंय का.

एका शुक्रवारी मला तिथे गेम बॉय दिसला, हातात धरून खेळायचा, १९८९ चा, राखाडी, चार सेलवाला. विक्रेता म्हणाला, "चालू है, ले जाओ." मी माझे सेल घातले. लाल दिवा लागला, पण पडद्यावर उभ्या रेघा गायब, अर्धं चित्र कोरं. त्याने चारशे सांगितले होते, दिवा आणि रेघा दोन्ही त्याला दाखवल्यावर अडीचशेला दिला. त्या रेघा पडद्याच्या पट्टीचं जोड सुटल्यामुळे जातात आणि कडेवरून गरम सोल्डरिंग आयर्न फिरवलं की बहुतेक वेळा परत येतात. मला ते ठाऊक होतं म्हणून मी घेतला. तुमच्या मुलाने सुरुवातीला फक्त डोळ्यांदेखत चालणारी वस्तू घ्यावी. "घरी जाऊन लावून बघा" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

हाजी अलीच्या हिरा पन्नातही जुने गेम मिळतात, पण तिथल्या दुकानदारांना प्रत्येक वस्तूची किंमत पाठ असते. तिथे आपण गिऱ्हाईक, शोधाशोधीची मजा नाही. सुटे भाग, वायरी, अॅडॅप्टर मात्र लॅमिंग्टन रोडवरच घ्या. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं वाचाल. माझे बाबा त्याच भागात टीव्ही दुरुस्त करायचे आणि शाळा सुटली की मी त्यांच्या टेबलाखाली बसून स्क्रू वेगळे करायची, त्यामुळे त्या रस्त्याबद्दल मी थोडं पक्षपाती बोलते.

प्रश्न : भंगारात सातशे रुपयांना प्लेस्टेशन २ घेतलं. चालू होतं, पण एकही डिस्क वाचत नाही. फसलो का? – एक वाचक, बोरिवली

बहुधा नाही. २००० साली आलेलं हे यंत्र जगभरात १५ कोटींहून जास्त विकलं गेलं, त्यामुळे ते भंगारात सापडतं आणि त्याचे भागही अजून मिळतात.

आधी तुमच्या डिस्क उलट्या करून बघा. प्लेस्टेशन २ च्या अस्सल सीडीची खालची बाजू निळी असते, डीव्हीडीची रुपेरी. पहिल्या प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्क खालून काळ्या असतात. तुमच्याकडे जांभळट झाक असलेल्या असतील तर त्या घरी किंवा गाळ्यात लिहिलेल्या नकला आहेत. मुंबईत एके काळी बहुतेक यंत्रांना नकली डिस्क चालवू देणारी चिप लावलेली असायची आणि स्टेशनबाहेरच्या नकलाच चालायच्या. अशा डिस्कवरून प्रकाश कमी परततो, आणि वय झालेल्या लेन्सला तेवढ्यावर वाचता येत नाही. कुणाकडून तरी एक अस्सल डिस्क आणून लावा. निळी वाचली आणि रुपेरी नाही, किंवा उलट, असं झालं तर लेन्समागच्या दोन लेझरपैकी एक थकलाय.

त्यानंतर साफसफाई. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी नुसती ओलसर करा आणि लेन्सवरून दाब न देता एकदा फिरवा. आत मला बहुतेक वेळा काळी, चिकट धूळ मिळते, उदबत्तीची आणि स्वयंपाकाच्या वाफेची. लेन्सजवळ एक अगदी बारीक फिरणारा स्क्रू दिसेल. काही कारागीर तो थोडा फिरवतात, डिस्क लगेच वाचली जाते आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. त्या स्क्रूने लेझरची ताकद वाढते, आणि काही महिन्यांत लेझर जळून जातो. माझं स्वतःचं पहिलं यंत्र एका दुकानात असंच गेलं, आणि पैसे मोजून गेलं. त्या स्क्रूला हात लावू देऊ नका. लेन्स बदलायची वेळ आली तर नवीच बसवून घ्या आणि जुनी मागून घ्या.

आणि खाचेत मेमरी कार्ड असेल तर ते पुसायच्या आधी उघडून बघा. आठ एमबीच्या त्या तुकड्यात कुणाच्या तरी दोन-तीन उन्हाळ्याच्या सुट्ट्या असतात.

प्रश्न : आमचा माळा आवरताना माझ्या धाकट्या भावाचा कॅसेटचा व्हिडिओ गेम सापडला. भाऊ आता नाही. त्याची मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला बाबांचा गेम चालू करून दाखवायचाय. नव्या टीव्हीला कसा जोडू? त्यात बंदुकीने बदकं मारायचा गेम होता, तो चालेल का? – एक वाचक, लालबाग

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी एक विनंती, सॉकेटमध्ये अजून काही घालू नका.

हे गेम म्हणजे निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला. घरोघरी याच होत्या. भावाचा मूळ अॅडॅप्टर सापडला तर उत्तम. नसेल तर घरातला कुठलाही बसतोय म्हणून लावू नका. मूळ फॅमिकॉमच्या पिनेला आतून ऋण आणि बाहेरून धन असतं, आणि हल्लीचे बहुतेक अॅडॅप्टर बरोबर उलटे असतात. यंत्राच्या पोटावर, पिनेच्या खाचेशेजारी एक ठिपका आणि त्याभोवती अर्धवर्तुळ अशी खूण असते. तिच्याशेजारचं अधिक-उणे आणि व्होल्ट वाचा, आणि यंत्र सोबत घेऊनच लॅमिंग्टन रोडला जा.

मग कॅसेट. आपण सगळ्यांनी फुंकर मारलीय, तुमच्या भावानेही मारली असेल. फुंकर मारल्यावर गेम चालायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्या नव्या जागी टेकायच्या, इतकंच. फुंकरेतली वाफ मात्र त्या पट्ट्यांवर बसून त्यांना काळं करते. अल्कोहोलची काडी पट्ट्यांवरून फिरवा, काळं येणं थांबेपर्यंत. हट्टी डाग असेल तर पांढरं खोडरबर एकदाच, हलक्या हाताने. रोज घासाल तर वरचा मुलामा जाईल.

भाचीला आवडेल असं एक सांगते. यातली एखादी मोडकी कॅसेट असेल तर तिच्यासमोर उघडा. एवढ्या मोठ्या डब्यात बिस्किटाएवढा बोर्ड निघतो आणि त्यावर मधोमध एक काळा, गोल, वाळलेला थेंब. अख्खा गेम त्या थेंबाखाली असतो. चिपला स्वतःचं घर परवडत नव्हतं म्हणून ती उघडीच बोर्डावर चिकटवून वर राळ ओतायचे. '९९९९ इन वन' लिहिलेल्या कॅसेटमध्येही असा थेंबच, आणि गेम खरे मोजकेच, तेच पुन्हा पुन्हा नाव बदलून.

टीव्हीचं म्हणाल तर यंत्राच्या मागे किंवा बाजूला पिवळं आणि पांढरं भोक असेल तर काम सोपं. नव्या टीव्हीत बरेचदा 'एव्ही इन' असं लिहिलेलं एक लहान भोक असतं आणि त्याला तीन रंगांची जोडवायर लागते. तेही नसेल तर एव्ही ते एचडीएमआय करणारी डबी मिळते, मी चारशेला घेतली होती. यंत्राला फक्त अँटेनाची वायर असेल तर टीव्हीत अॅनालॉग चॅनेल शोधायला लावा, बर्फासारख्या ठिपक्यांतून चित्र वर येईल.

बंदूक मात्र एलईडी टीव्हीवर चालणार नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड पकडतो. डबा टीव्हीत चित्र ठिपक्याठिपक्याने, ओळीओळीने रंगतं आणि बंदूक त्या वेगाला जुळवलेली असते. नवा टीव्ही चित्र थोडं थांबवून, वेगळ्याच रीतीने दाखवतो. तोवर बंदुकीने "नेम चुकला" असं ठरवलेलं असतं. म्हणून कुठूनही एका संध्याकाळपुरता डबा टीव्ही मिळवा. लालबागमध्ये अजून कुणाकडे तरी असेल, गणपती मंडळाच्या खोलीतही विचारा. त्याचं मागचं झाकण कधीही उघडू नका. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट राहतात आणि बाबांनी मला बाकी सगळं शिकवलं तरी तिथे हात घालू दिला नव्हता.

भाची खेळली की कळवा. यंत्र चालत नसेल तर मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी बघते.

प्रश्न : भावाने अमेरिकेहून त्याचं जुनं यंत्र पाठवलंय. पिनेचा कन्व्हर्टर लावून चालवू? – एक वाचक, पुणे

नाही! तो कन्व्हर्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानात १००, आपल्याकडे २३०. यंत्रावर '१००–२४०' असं लिहिलं नसेल तर ते एका सेकंदात धूर सोडेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, यंत्रावर लिहिलेल्या वॉटपेक्षा मोठा.

प्रश्न : रद्दीत मला गेम बॉयवर चालणाऱ्या पोकेमॉन सिल्व्हरची कॅसेट मिळाली. लावली तर आत 'पिंट्या' नावाच्या कुणाचा तरी ८४ तासांचा खेळ अजून शाबूत आहे. मला नव्याने खेळायचंय, पण पुसायला हात होत नाहीये. – एक वाचक, ठाणे

होऊही देऊ नका. कॅसेटच्या मागे मधोमध असलेला स्क्रू नीट बघा. साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने फिरेल असा असेल तर कॅसेट बहुधा नकली, आणि ३.८ मिलिमीटरचा गेमबिट नावाचा खास स्क्रूड्रायव्हर लागत असेल तर अस्सल असायची शक्यता चांगली. खेळ टिकलाय तो आत जोडलेल्या एका बटण सेलवर. हा गेम १९९९ मध्ये जपानात आला, पुढच्या वर्षी अमेरिकेत. त्यात दिवस-रात्र दाखवणारं घड्याळही त्याच सेलवर चालतं, म्हणून याचे सेल इतर कॅसेटींपेक्षा लवकर संपतात. तुमच्या कॅसेटचा अजून जिवंत आहे, ही मोठी गोष्ट आहे, आणि तो कधीही जाईल. सेल काढला की आतलं सगळं गेलं.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी कॅसेट वाचणारं उपकरण संगणकाला लावून पिंट्याच्या खेळाची प्रत काढायची. मग सेल बदलायचा, आधीच धातूच्या पट्ट्या जोडलेला घ्यायचा, साध्या सेलवर थेट सोल्डरिंग करायचं नाही, तो फुटतो. मग हवी तर प्रत परत आत घालायची. ते उपकरण माझ्याकडे आहे, एका रविवारी घेऊन या. तोवर नवा खेळ सुरू केलात तरी 'सेव्ह' करू नका, या कॅसेटमध्ये एकाच माणसापुरती जागा असते. आणि येण्याआधी लिहा, पिंट्याच्या संघातल्या सहा पोकेमॉनांत कोण कोण आहेत.