आधार आणि पॅनवरचं नाव जुळत नाही म्हणून ऑनलाइन केवायसी (ओळख पडताळणी) अडकते. काय करावं?

आईचं खातं ऑनलाइन उघडताना दरवेळी ‘नाव जुळत नाही’ म्हणून अर्ज परत येतो, असं तुम्ही लिहिलंय. मागच्या वर्षी आत्यासाठी मी हाच उद्योग तीन आठवडे केला.

आमचा घोळ ‘क्षीरसागर’ या आडनावात होता. मराठीत ते एकाच तऱ्हेने लिहितात. इंग्रजीत मात्र पॅनवर ‘क्षी’साठी एक आय आणि आधारवर दोन ई. त्यात आधारवर नावाला ‘बाई’ चिकटलेलं, कारण ऑपरेटरने रेशनकार्डावरून जसंच्या तसं उतरवलं होतं. मधलं नाव पॅनवर वडिलांचं, आधारवर नवऱ्याचं. माणसाला हे तिन्ही कळतं, यंत्र फक्त अक्षरं जुळवतं. लग्नानंतर नाव बदललेल्या आपल्याकडच्या बहुतेक बायकांचं हेच दुखणं असणार.

आधी आधार दुरुस्त करा, मग त्यावरून पॅन. उलट केलंत तर दोनदा खेपा पडतील. आधारवर नाव फक्त दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा आधार केंद्रावर जाण्याआधी घरात बसून स्पेलिंग पक्कं करा. पासबुक, पेन्शनचे कागद, घराची कागदपत्रं यांत जे जास्त ठिकाणी असेल ते घ्या. ऑपरेटरने टाइप केलं की पावती घेण्याआधी स्क्रीन स्वतः वाचा, लाजू नका. मोबाइल नंबर जुना असेल तर तोही त्याच खेपेत बदलून घ्या, नाहीतर ओटीपी भलत्याच फोनवर जाईल. काही अडलं तर आधार देणाऱ्या प्राधिकरणाची (यूआयडीएआय) हेल्पलाइन 1947 आहे.

नाव जुळल्यावरही व्हिडिओ केवायसीत, म्हणजे बँकेचा माणूस व्हिडिओ कॉलवर ओळख तपासतो त्यात, आमची दांडी उडालीच. स्क्रीनवर आलं, ‘चष्मा काढा’. आत्याने काढला. पुढे आलं, ‘डोळे मिचकावा’. ते वाचायला चष्मा हवा! मी बाजूने सांगितलं, तर पलीकडचा मुलगा म्हणाला, शेजारी कोणी बोलायचं नाही, आणि कॉल बंद. असं चार वेळा. पाचव्या दिवशी मी बँकेकडे लेखी तक्रार केली आणि त्यात सर्वोच्च न्यायालयाचा 30 एप्रिल 2025 चा निकाल घातला. ॲसिड हल्ल्यातल्या पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवरचा आहे तो. डिजिटल सेवा मिळणं हा कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि डोळे मिचकावण्याला पर्याय हवा, असं त्यात आहे. आत्या काही दृष्टिहीन नाही, पण दुसऱ्या दिवशी फोन आला आणि शाखेत या म्हणाले. तिथे दहा मिनिटांत काम झालं.

आणखी एक, कोणतंही फुटकळ ॲप आधारची प्रत मागेल. त्यांना शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या, ते प्राधिकरणाच्या साइटवरून डाउनलोड होतं.

आत्याचं नवं आधार आलं तेव्हा नाव अगदी बरोबर होतं. त्याच खेपेत पत्ताही बदलला होता, त्यात मात्र सदाशिव पेठेचं ‘सदाशिव पीठ’ झालं होतं. पत्ता कितीही वेळा बदलता येतो, पण आत्या म्हणाली, राहू दे, पोस्टमनला कळतंय.