डब्यात ज्वारी, ताटावर रुसवा

यंदा निवडलेली चारही पत्रं लेकरांच्या जेवणाची आहेत. उत्तरं देताना एक गोष्ट धरून चाललो आहोत: बाजारातून नवं काही आणायचं नाही. जे डब्यात आहे, त्यातूनच भागवायचं.

प्रश्न : लेकरं दोन, एक 4 वर्षांचं, एक 7 वर्षांचं. भाकर बघितली की दोघंही तोंड फिरवतात आणि दुकानातली पाच रुपयांची पुडी मागतात. महिन्याच्या शेवटच्या आठ दिवसांत हातात पैसा नसतो. घरात ज्वारी, थोडे गहू, तुरीची डाळ, बेसन, शेंगदाणे, कांदा-लसूण, गूळ एवढं आहे. दोघांसाठी वेगळा स्वयंपाक करायला वेळही नाही आणि गॅसही नाही. काय करावं?
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : ताई, वेगळा स्वयंपाक करूच नका. एकदा लेकराला कळलं की रडल्यावर दुसरं काहीतरी मिळतं, की पहिलं ताट ते कधीच खात नाही. तुमच्या यादीत भाजीपाला सोडला तर पोटाला लागणारं बहुतेक सगळं आहे. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण 25 ग्रॅम आणि तुरीच्या डाळीत 22 ग्रॅम प्रथिनं असतात. ज्वारीच्या प्रथिनात जी उणीव असते, ती डाळ भरून काढते. म्हणून ज्वारी आणि डाळ एकाच जेवणात असू द्या.

लेकराचं भांडण बहुतेक वेळा ज्वारीशी नसतं, भाकरीच्या कोरडेपणाशी असतं. घास तोंडात फिरत राहतो, तोवर मोठ्यांची जेवणं उरकतात आणि घरात ठरून जातं की हे खात नाही. म्हणून धान्य तेच ठेवा, रूप बदला.

सगळ्यात आधी धपाटे. ज्वारीचं पीठ 2 वाट्या, कणीक अर्धी वाटी, बेसन अर्धी वाटी, लसणाच्या 4-5 पाकळ्या जिऱ्यासोबत ठेचून, तीळ असले तर चमचाभर, हळद, मीठ. तिखट अगदी नखभर. पाण्याऐवजी ताक असेल तर ताकात भिजवा, धपाटे जास्त वेळ मऊ राहतात. गोळा भाकरीच्या पिठापेक्षा सैल हवा. ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं पोळपाटावर पसरा, त्यावर थापा, मधोमध बोटानं भोक पाडा, फडक्यासकट उचलून तव्यावर उलटा टाका आणि फडकं हळूच सोडवा. भोकात आणि कडेनं मिळून अर्धा चमचा तेल पुरतं. लेकरांसाठी तळहाताएवढेच थापा. लहानसं अख्खं धपाटं ते संपवतात, मोठ्याचा तुकडा ताटात उरतो. मोठ्यांच्या धपाट्यासोबत भुरका (तेलातली लसूण-तिखटाची चटणी) द्या, म्हणजे तिखटाची तक्रार त्यांचीही राहणार नाही.

बिघडतं कुठं? कडा फाटल्या तर पीठ जुनं आहे, त्याची विरी गेली आहे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतोच, आणि दळून पंधरा दिवस झाले की होता तोही जातो, वर कडवटपणा येतो. अशा वेळी कणीक अर्ध्या वाटीची पाऊण वाटी करा, आणि पुढच्या वेळी आठ दिवसांपुरतंच दळून आणा. वरून डाग पडले आणि आत कच्चं राहिलं तर आच मोठी झाली. कच्च्या बेसनाचा वास लेकरांना लगेच कळतो, आणि मग दुसऱ्या दिवशी चांगलं धपाटंही ती दूर सारतात.

दुसरं, वरणफळं. अर्धी वाटी तुरीची डाळ अर्धा तास भिजवून मग शिजवा, शिट्ट्या कमी लागतात. घोटून त्यात 5-6 वाट्या पाणी घाला. वरण तुम्हाला फार पातळ वाटेल, तेवढंच हवं. फळं पाणी ओढून घेतात. सुरुवातीलाच घट्ट वरण असलं की फळं तळाला लागतात. दीड वाटी कणीक घट्ट भिजवा. त्यात ज्वारीचं पीठ मिसळायचं असेल तर चौथ्या हिश्शापुढं जाऊ नका, उकळीत विरघळून त्याची लापशी होते. पातळ लाटून शंकरपाळ्यासारखी कापा, वरणाला खळखळून उकळी असतानाच थोडी थोडी सोडा, एकदम ओतली तर गोळा होतो. 10-12 मिनिटांत फळ वर येऊन मऊ होतं. आता लेकरांचं काढून घ्या, त्यावर चमचाभर शेंगदाण्याचा कूट आणि थोडा गूळ. उरलेल्यावर लसूण-तिखटाची चरचरीत फोडणी द्या. भांडं एक, जेवणं दोन.

ज्वारीच्या कण्या आपल्याकडं आजारपणात आठवतात, एरवी विसरतात. मिक्सरमधून जाडसर भरडा काढा, चाळून पीठ वेगळं करा (ते भाकरीत जाईल). 1 वाटी भरड्याला 4 वाट्या पाणी आणि मीठ घालून मंद आचेवर 20-25 मिनिटं शिजवा. भरडा आधी गार पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात सोडला तर गुठळ्या होत नाहीत. सकाळी गूळ घालून, संध्याकाळी ताक-लसूण घालून.

सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ, तर बहुतेक लेकरांना आवडतोच. मुरमुरे भिजवून लगेच पिळा, दोन मिनिटं पाण्यात राहिले तर लगदा होतो. वरून डाळव्याची (भाजक्या हरभरा डाळीची) पूड आणि कूट घाला, नुसत्या मुरमुऱ्यांनी पोट तासाभरात रिकामं होतं.

पुडीचा हिशोबही सांगतो. दोघांना रोज एकेक म्हणजे दिवसाला 10 रुपये, महिन्याला 300. ज्या शेवटच्या आठ दिवसांची तुम्हाला चिंता आहे, त्यांची डाळ आणि शेंगदाणे या पैशांत येतात. शिवाय पुडी जेवणाच्या तासभर आधी खाल्ली की भूक मरते आणि दोष भाकरीवर येतो.

प्रश्न : रात्रीची भाकर आणि भात उरतो. टाकवत नाही, लेकरं खात नाहीत. फ्रिज नाही. उन्हाळ्यात उरलेलं दिलं तर चालतं का?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : भाकर चालते, भाताचं जपून.

भाकरीत पाणी कमी असतं, म्हणून कापडात गुंडाळून दुरडीत ठेवलेली सकाळपर्यंत टिकते. लेकरं खात नाहीत कारण ती कडक होते. बारीक कुस्करा, दोन भाकरींना पाव वाटी ताक शिंपडून 10 मिनिटं झाकून ठेवा. मग कांदा, हळद, जिऱ्याच्या फोडणीत टाकून 3-4 मिनिटं वाफ द्या, वरून शेंगदाण्याचा कूट. ताक न शिंपडता थेट फोडणीत टाकलेली भाकर तेल पिते आणि तरी कोरडीच लागते. बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी अख्खी भाकर टाका. तेवढा भाग काढून उपयोग नाही, बुरशीचे धागे आत पसरलेले असतात.

शिजवलेला भात मे महिन्याच्या उकाड्यात तासा-दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. त्यात वाढणारे काही जंतू असं विष तयार करतात की जे पुन्हा गरम केल्यानं, फोडणी दिल्यानंही जात नाही. वास चांगला येतो म्हणून भात चांगला, असं समजू नका. लेकरांना उलट्या लागल्या की अंगातलं पाणी झपाट्यानं कमी होतं. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायची सवय उन्हाळ्याचे चार महिने बंद ठेवा आणि भात मोजून लावा: 1 वाटी तांदळाचा साधारण 3 वाट्या भात होतो, 4 वर्षांच्या लेकराला त्यातला पाऊण वाटी ते वाटीभर पुरतो.

प्रश्न : मुलगा 5 वर्षांचा आहे. वरणातली कोथिंबीरसुद्धा वेचून बाहेर काढतो. एप्रिलनंतर बाजारात भाजी महाग आणि सुकलेली. भाजी पोटात कशी घालायची?
— एक वाचक, गेवराई (जि. बीड)

उत्तर : दोन ते सहा या वयात नव्या, विशेषतः हिरव्या पदार्थाची भीती वाटणं हे वाढीचाच भाग आहे. नवी चव पटायला दहा-पंधरा वेळा ती ताटात यावी लागते, आणि आपण तिसऱ्या वेळीच सोडून देतो. तेव्हा रोज एक चमचाच वाढा, खाल्ली नाही तर न बोलता उचला. 'दोन घास खा, मग गूळ देते' असं म्हटलं की भाजी शिक्षा होते आणि गूळ बक्षीस.

शेवग्याचं झाड आसपास असेलच. कोवळा पाला धुऊन, पाणी निथळून सावलीत वाळवा, उन्हात रंगही जातो आणि जीवनसत्त्वंही कमी होतात. हातात चुरचुरला की पूड करून कोरड्या बरणीत भरा. 1 वाटी पिठाला अर्धा चमचा घालून सुरुवात करा. एका चमच्याच्या पुढं धपाटं कडवट लागतं. हिवाळ्यात वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला असेल तर तो चुरून बेसनात, म्हणजे आपल्या पिठल्यात, मूठभर टाका. लाल भोपळा डाळीसोबतच शिजवून घोटा, गोडसर वरण सहसा कुणी नाकारत नाही. पण सगळंच लपवू नका. एक भाजी ताटात दिसेल अशी असू द्या, नाहीतर लपवलेलं एकदा सापडलं की त्याचा वरणावरचाही विश्वास उडतो.

पाल्यातलं लोह अंगी लागायला आंबट हवं, म्हणून वर लिंबू पिळा. लिंबू महाग झालं तर कैरीची फोड चालते. जेवणासोबत किंवा जेवून लगेच चहा नको, त्यानं लोह कमी शोषलं जातं.

मुलगा माती किंवा खडू खात असेल, चेहरा फिका असेल किंवा काही महिने वजन वाढत नसेल, तर ते खोडकरपण समजू नका, सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. अंगणवाडीत आणि शाळेत जंताची गोळी मिळते, ती चुकवू नका. जंत असले की भूकही जाते आणि रक्तही.

प्रश्न : नात अडीच वर्षांची. दिवसभर दूध पिते, चहात बिस्किट बुडवून खाते, जेवायला बसली की दोन घासांत उठते. शेंगदाणे मात्र आवडीनं मागते, ते देत जाऊ का?
— एक आजी, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : आजी, तिचं पोट दुधानंच भरतं आहे. दिवसाला दोन कप दूध पुरे, तेही जेवणानंतर, बाटलीतून नाही तर पेल्यातून. चहा पूर्ण बंद. दिवसात तीन जेवणं आणि दोन छोटी खाणी, मधल्या वेळात फक्त पाणी. पहिले चार-पाच दिवस रडेल. तेवढे दिवस घरातल्या सगळ्यांनी एकच धरून राहायचं, नाहीतर आईनं नाही म्हटलं की ती तुमच्याकडं येणार. जेवायला तिला सगळ्यांच्या पंगतीत बसवा. घरी न खाणारी लेकरं शाळेत खिचडी संपवतात, कारण शेजारचं लेकरू खात असतं.

शेंगदाणे अख्खे देऊ नका. या वयात दाढा पुरत्या आलेल्या नसतात आणि दाणा श्वासनळीत जाऊन अडकू शकतो. फुटाणेही नकोत, पाच वर्षांची होईपर्यंत. भाजून, सालं काढून बारीक कूट करा आणि गुळासोबत मळून मऊ लाडू द्या: 1 वाटी कुटाला पाव वाटी किसलेला गूळ, लागला तर अर्धा चमचा तेल. कुटण्याआधी दाणे निवडून घ्या. सुरकुतलेला, काळपट किंवा कडू दाणा लाडवात जाऊ देऊ नका, त्यात बुरशीचं विष असू शकतं आणि भाजल्यानं ते पूर्ण जात नाही.