आधी बघ, डोळा कुणाचा आहे

अंबाजोगाईहून पाठवलेलं तुझं टिपण वाचलं. कथेत ‘अत्याचार दाखवलाय’ एवढ्यावर तू लेखकाला पुरोगामी ठरवून मोकळी झालीस. थांब जरा. तो प्रसंग कुणाच्या डोळ्यांनी दिसतो, ते आधी बघ. फाटलेल्या पदराला अर्धं पान आणि मजूर पुरवणाऱ्या मुकादमाला एक ओळ असेल, तर वाचकाला नेमकं काय बघायला लावलंय?

आपल्या बीडकडच्या ऊसतोडीवरची कथा घे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरांची एक जोडी. उचल, म्हणजे कामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते, फेडायला मात्र दोघांनी राबायचं. फडाजवळच्या कोपीला, म्हणजे राहायच्या झोपडीला, धड दारही नसतं. अशा ठिकाणी मुकादमाची मागणी ही एका वाईट माणसाची वासना एवढीच उरत नाही. तिच्यामागे उचल उभी असते. ती कथेत कुठे येते, कुणाच्या तोंडून येते, तिथे पेन्सिलीने खूण कर. मी तर अशा कथेत पैशाचे उल्लेख आधी शोधते.

संमतीवर लिहिण्याआधी मथुरा प्रकरण वाचच. मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातली १९७२ची घटना. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हे एक मोठं कारण. त्यावर देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आजची कथाही ‘ती ओरडली का?’ असाच हिशेब मागते का, तपास.

आणि जात गाळू नकोस गं. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिका मांडली, ती याचसाठी. ‘सगळ्याच बायका भोगतात’ हे वाक्य काढून टाक. कोण, कुठल्या वस्तीतली, कुणाच्या रानात, ते लिही आणि नवा मसुदा पाठव.