स्लॅबमधल्या, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने प्लॅस्टिकच्या डबीत सील केलेल्या, नाण्याच्या ग्रेडवर (दर्जाच्या आकड्यावर) कितपत विश्वास ठेवावा? ग्रेडिंग कंपनी भरवशाची आहे हे कसं ओळखायचं?

थेट सांगतो. तुम्हाला १९३९ चा जॉर्ज सहावा रुपया सीलबंद डबीत, 'एमएस ६३' (एमएस म्हणजे मिंट स्टेट, न वापरलेलं नाणं; आकडे ६० ते ७०) असं लेबल लावून कोणी देऊ करत असेल आणि त्या कंपनीचं नाव तुम्ही आधी ऐकलेलं नसेल, तर डबी नाहीच असं समजून भाव करा. दुसऱ्या कुठल्या वर्षाचा रुपया असता तर मी इतका आखडलो नसतो. १९३८ चा थोडी शोधाशोध केली की मिळतो. १९३९ चा दुर्मीळ, आणि ९१.७ टक्के चांदीच्या रुपयांतला शेवटचा. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. म्हणून या एका वर्षाभोवती बनावट नाण्यांचा सुळसुळाट आहे. ओतीव नकला आहेत, ८ चा ९ केलेलेही असतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो: कंपनी चुकली तर पैसे कोण भरतं? नाणं खोटं निघालं किंवा ग्रेड वाजवीपेक्षा जास्त दिलेली निघाली, तर भरपाई देऊ असं कंपनीने लेखी दिलंय का, आणि ती भरपाई देण्याइतकी तिची ऐपत आहे का? अमेरिकेत एएनएसीएस ही संस्था १९७२ पासून नाणी अस्सल आहेत की नाहीत ते सांगत असे आणि १९७९ पासून ग्रेडही देऊ लागली. पण तेव्हा फोटो लावलेला दाखला वेगळा आणि नाणं वेगळं. दाखला एका नाण्याचा, विकताना हातात दुसरंच, हा खेळ शक्य होता. १९८६ मध्ये पीसीजीएस या ग्रेडिंग कंपनीने नाणं डबीत सील करून वर हमी द्यायला सुरुवात केली, पुढच्या वर्षी एनजीसी ही दुसरी कंपनी आली, आणि धंद्याचं चित्रच पालटलं. लोकांचा विश्वास बसला तो प्लॅस्टिकवर नव्हे, हमीवर.

त्या हमीतली बारीक अक्षरं मात्र वाचा. तांब्याच्या नाण्याचा रंग नंतर बदलला तर सहसा भरपाई नसते. आणि एनजीसीचा प्राचीन नाण्यांचा जो वेगळा विभाग आहे, तिथे बरीच वर्षं अस्सलपणाची हमी दिलीच जात नसे, ते फक्त त्यांचं मत असे. इतकी मोठी कंपनी जिथे हात राखून होती, तिथे आपल्या गल्लीतल्या कंपनीने 'शंभर टक्के गॅरंटी' छापलं की मी सावध होतो.

दुसरी कसोटी सातत्याची. तेच नाणं दुसऱ्यांदा, किंवा दुसऱ्या कंपनीकडे, पाठवलं तर तोच आकडा येतो का? 'कॉइन वर्ल्ड' या अमेरिकन साप्ताहिकाने २००३ मध्ये याची चाचणी छापली होती. वर्षभरात तीच नाणी वेगवेगळ्या कंपन्यांकडे पाठवली; एकाही नाण्याच्या ग्रेडवर सगळ्या कंपन्यांचं एकमत झालं नाही. त्याआधी १९९० मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने पीसीजीएसच्या जाहिरातींतल्या दाव्यांवर कारवाई केली होती, ती तडजोडीने मिटली. एमएस ६४ आणि एमएस ६५ मधला फरक शेवटी अनुभवी डोळ्याचा अंदाज असतो. एका पायरीचा फरक पडला म्हणून कंपनी लबाड ठरत नाही. तीन-चार पायऱ्यांचा फरक पडला, आणि तोही दरवेळी विकणाऱ्याच्या फायद्याचा असला, की ती कंपनी माझ्या यादीतून बाद.

म्हणूनच २००७ मध्ये सीएसी ही कंपनी सुरू झाली. ती आधीच ग्रेड झालेली अमेरिकन नाणी पुन्हा तपासून, ग्रेड पक्की वाटली तर डबीवर हिरवा स्टिकर लावू लागली. नाणं दिलेल्या ग्रेडहून सरस असेल तर सोनेरी. काढणारा कोण, तर जॉन अल्बानीज, म्हणजे एनजीसीचाच संस्थापक! ग्रेडिंगवर पुन्हा ग्रेडिंग लागावं, आणि त्या स्टिकरसाठी लोकांनी जास्त पैसे मोजावेत, यातच काय ते आलं.

कंपनीची खरी किंमत बाजार सांगतो. लिलावांचे जुने निकाल काढा. तेच वर्ष, तीच टांकसाळ, तीच ग्रेड, आणि डब्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एका डबीतलं एमएस ६४ आणि दुसऱ्या डबीतलं एमएस ६४ यांच्या भावात निम्म्याचा फरक दिसला, तर जाणकार दुसरी डबी मनातल्या मनात फोडून बोली लावतायत हे उघड आहे. कोण काय म्हणतं यापेक्षा मी हा आकडा जास्त मानतो.

एक कसोटी फारसं कोणी सांगत नाही. कंपनी नाही कशाला म्हणते ते बघा. आपल्याकडची बरीच नाणी धुतलेली असतात. कोणी चिंच-मीठ लावतं, कोणी टूथपेस्ट, कोणी सराफाकडून पॉलिश मारून आणतं. प्रामाणिक कंपनी अशा नाण्याला आकडा देत नाही. 'डिटेल्स' लिहून खाली 'क्लीन्ड' असा शेरा मारते. ज्या कंपनीच्या डब्या तुम्ही ढिगाने पाहिल्यात आणि त्यात एकही 'डिटेल्स' नाही, ती ग्राहकाला दुखवायला तयार नाही एवढंच मी समजतो.

हे स्वतःही ताडता येतं. पुण्यातल्या एका प्रदर्शनात एका स्थानिक कंपनीच्या डबीत १९१६ चा जॉर्ज पाचवा रुपया 'एमएस ६५' म्हणून ठेवला होता. डबी दिव्याखाली धरून सावकाश फिरवली. अस्सल टांकसाळी चमक असेल तर उजेडाचा पट्टा नाण्याबरोबर गोल फिरतो. इथे तो मुकुटापाशी तुटत होता, म्हणजे उंच भाग झिजलेला. आणि राजाच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत केसाएवढ्या बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने, कापडाने घासल्यावर येतात तशा. हातात लूप (भिंग) नसतानाही ६५ नाहीच, हे कळत होतं. विक्रेता म्हणाला, "साहेब, लेबल बघा की!"

लेबल खरं आहे का, हाही एक वेगळाच व्याप आहे. पीसीजीएस आणि एनजीसीच्या हुबेहूब नकली डब्या बाजारात आहेत. डबीवरचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला आणि सापडला म्हणून खूश होऊ नका, कारण नकली डबीवर नंबर खऱ्या नाण्याचाच छापतात. साइटवर फोटो असेल तर तो हातातल्या नाण्याशी जुळवा: डाग, ओरखडे, रंग चढलेली जागा. फोटो नसेल तर निदान वर्ष, टांकसाळ आणि ग्रेड तरी जुळायला हवी.

भारतीय नाण्यांत आणखी दोन गोष्टी. मुंबई आणि कलकत्ता टांकसाळींनी जुन्या नाण्यांचे 'रीस्ट्राइक', म्हणजे त्याच नमुन्याची नंतर पाडलेली नाणी, संग्राहकांसाठी अगदी १९७० पर्यंत पाडून दिले. १८३५ चं 'दोन मोहरा' किमतीचं सोन्याचं नाणं, सिंह आणि ताडाच्या झाडाचं, हे त्याचं गाजलेलं उदाहरण. मूळ नाणं आणि रीस्ट्राइक यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, तेव्हा लेबलवर हा भेद नोंदवणारी कंपनी म्हणजे भारतीय नाणी समजणारी कंपनी. आणि शिवराईवर 'एमएस'चा आकडा दिसला तर मला हसूच येतं. हाताने ठोकलेल्या तांब्याच्या तुकड्यावर 'श्री राजा शिव' पुरतं उमटलंय की अर्धं बाहेर गेलंय, हे डोळ्यांनी बघायचं असतं.

कायद्याचंही लक्षात असू द्या. १९७२ च्या अँटिक्विटीज कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १९११ चा तो प्रसिद्ध 'डुक्करवाला' रुपया (राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून हे नाव) कुरिअरने फ्लोरिडाला एनजीसीकडे पाठवून ग्रेड करून आणतो असं कोणी म्हणालं तर त्या वाटेला जाऊ नका. १९३९ च्या रुपयाला ही अडचण अजून नाही.

तेव्हा विक्रेत्याला एवढंच विचारा: "एनजीसी किंवा पीसीजीएसकडे पाठवूया, खर्च माझा. अस्सल ठरला तर तुमच्या भावाने घेतो. तोवर पैसे मधल्या माणसाकडे." डबीतल्या नाण्याचं वजन करता येत नाही (११.६६ ग्रॅम भरायला हवं), कडाही नीट बघता येत नाही, म्हणून हा खटाटोप. तो तयार नसेल तर निदान खोटं निघाल्यास परत घेईन असं बिलावर मुदतीसकट लिहून घ्या. तेही देत नसेल, तर घेऊ नका.