दोन-दोन सिस्टर कशाला लागतात?

प्रश्न : सासऱ्यांची शुगर खूप वाढली म्हणून चार दिवस अ‍ॅडमिट केलं होतं. दर वेळी इन्सुलिनच्या आधी सिस्टर दुसऱ्या सिस्टरला हाक मारायची, दोघी बाटली-सिरिंज बघत बसायच्या, वर मामांना रोज नाव विचारायच्या, ते तर चिडायचेच. बरं, घरच्या इन्सुलिन पेनचं काट्रिज (पेनात बसते ती इन्सुलिनची छोटी नळी) होतं, त्यातून सिरिंजने काढून द्या म्हटलं तर सरळ नाही म्हणाल्या. नवशिक्या होत्या का? – एक सूनबाई, सांगली

उत्तर : उलट ताई, चांगल्या तयारीच्या होत्या.

आधी काट्रिजचं बघू. आपल्याकडे इन्सुलिनची साधी बाटली बहुतेक ४० युनिटची असते, म्हणजे एका एमएलमध्ये ४०, आणि तिची सिरिंज लाल टोपीची. पेनच्या काट्रिजमध्ये मात्र एका एमएलला १०० युनिट. आता लाल टोपीच्या सिरिंजने काट्रिजमधून १० च्या रेघेपर्यंत ओढलं की पोटात जातात २५ युनिट, अडीचपट! मग शुगर एकदम खाली, घाम, थरथर, बडबड, कधी थेट बेशुद्धी. उलटं केलं, म्हणजे ४० ची बाटली आणि १०० वाली केशरी टोपीची सिरिंज, तर १० च्या जागी ४ च जातात आणि मग सगळे डोकं खाजवतात की शुगर उतरत का नाही.

म्हणून इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त पातळ करणारं), मॉर्फिन (जबर वेदनाशामक), पोटॅशियम क्लोराईड ही औषधं हाय रिस्क यादीत, म्हणजे चूक झाली तर जीवावर बेतेल अशा औषधांच्या यादीत असतात. पोटॅशियमची अँप्युल तर दिसायला साध्या पाण्यासारखी, सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायची, चुकून सरळ शिरेत ढकलली तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून ती इतर औषधांत न ठेवता वेगळी, कुलपात ठेवतात. डॉक्टरांच्या अक्षराचंही आहेच, १० च्या पुढे युनिटचा इंग्रजी यू घाईत काढला की शून्य वाटतो, झाले १००. पूर्ण ‘युनिट’ लिहा म्हणून सांगून सांगून सिस्टर लोक थकतात.

दुसरी सिस्टर लागते ती यासाठीच, पण तिने डोस स्वतः वाचून स्वतः मोजायला हवा. “बघ गं, दहाच आहे ना?” “हो हो” याला चेकिंग म्हणत नाहीत, आणि खरं सांगायचं तर नाईट ड्युटीला चाळीस पेशंट असले की बऱ्याच ठिकाणी एवढंच होतं.

आणि नाव. “पाटीलकाका ना?” विचारलं तर झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो, आणि तुमच्या सांगलीत एका वॉर्डात तीन पाटील सहज सापडतील! म्हणून नाव पेशंटच्याच तोंडून वदवून घेतात, हातातला पट्टा बघतात. मामांना सांगा, चिडू नका.

हां, इन्सुलिन दिलं आणि जेवणाचं ताट आलंच नाही, असं झालं तर गप्प बसू नका, लगेच सिस्टरला सांगा. आणि घरी आता पेन वापरताय ना, तर ड्रॉवरमध्ये जुन्या लाल टोपीच्या सिरिंजा पडल्या असतील त्या आजच तिथून काढा.