वाचक विचारतात : दिवस गेलेत आणि दाढ दुखतेय

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये गरोदर बायकांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रं सर्वात जास्त होती. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं गाळून फक्त गावं दिली आहेत.

तिसरा महिना चालू आहे. ब्रश केला की थुंकीत रक्त दिसतं. सासूबाई म्हणतात, ब्रश बंद कर, बोटाने दात घास. काय करू? (डिचोली)

ब्रश बंद केलात तर रक्त वाढेल. दिवस गेल्यावर शरीरात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन वाढतात, त्यामुळे हिरड्यांमधल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात. एरवी दातांच्या कडेला साचलेला चिकट थर हिरडी कसाबसा सहन करते. आता त्याच थराने ती लाल होते, सुजते आणि जरा धक्का लागला की रक्त येतं. म्हणजे हार्मोन आग वाढवतात, पण सरपण तो थरच असतो. त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सुरू होतो आणि आठव्याच्या आसपास सर्वात जास्त असतो. बोट दाताच्या सपाट भागावरून फिरतं, हिरडीच्या कडेला पोचत नाही, आणि थर नेमका तिथेच बसलेला असतो.

मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्या. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे केस तिरके, 45 अंशांच्या आसपास टेकवा. जागच्या जागी थरथरल्यासारखा दहा-बारा वेळा हलवा आणि मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे ओढा. एका वेळी दोन-तीन दात घ्यायचे. सगळं तोंड व्हायला दोन मिनिटं लागतात, घड्याळ लावून बघा, बहुतेकजण चाळीस सेकंदांतच उरकतात. केस आठवडाभरात फाकले तर तुम्ही जोर लावताय. पेस्ट फ्लोराइडची, साधारण 1000 पीपीएमची हवी. आकडा ट्यूबवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. रात्रीचा ब्रश कधीच चुकवू नका.

असं नीट घासायला लागल्यावर पहिले चार-पाच दिवस रक्त थोडं जास्तच दिसेल. इथेच बायका घाबरून थांबतात. थांबू नका. दोन आठवड्यांत रक्त कमी झालं नाही, तर थर कडक होऊन किटण बसलं आहे असं समजा. ते ब्रशने जात नाही, डेंटिस्टकडूनच काढून घ्यावं लागतं. दात साफ करून घेणं गरोदरपणात चालतं, आणि त्याने दात हलायला लागतात हेही खरं नाही. किटणाच्या आधाराने उभा असलेला दात आधीच हललेला असतो, किटण गेल्यावर तो फक्त जाणवतो.

हिरड्यांच्या जुन्या आजाराचा वेळेआधी होणाऱ्या प्रसूतीशी आणि कमी वजनाच्या बाळाशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. पण गरोदरपणी हिरड्यांवर उपचार केल्याने हा धोका कमी होतो, असं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे त्या भीतीने नको, स्वतःच्या दातांसाठी उपचार घ्या.

उलट्या थांबत नाहीत आणि पेस्टच्या वासानेच परत मळमळतं. ब्रश कसा करायचा? (काणकोण)

उलटी झाल्या झाल्या ब्रश करू नका, हे सगळ्यात आधी. पोटातल्या आम्लाने दाताचं वरचं कवच काही वेळ मऊ पडलेलं असतं, त्यावर ब्रश फिरवला की ते झिजतं. ही झीज बहुतेक वेळा वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला होते, आरशात दिसत नाही, थंड पाणी लागायला लागल्यावर कळते. एक कप पाण्यात चहाचा एक चमचा खाण्याचा सोडा विरघळवा, खळखळून गुळण्या करा आणि थुंका. सोडा हाताशी नसेल तर नुसतं पाणीही चालेल. ब्रश अर्ध्या तासाने, जमलं तर तासाने करा.

पेस्टच्या वासाचं म्हणाल, तर मिंटचा तिखटपणा कमी असलेली किंवा बिनफेसाची पेस्ट घ्या, वाटाण्याएवढीच लावा. लहान मुलांचा ब्रश जिभेच्या मागच्या भागाला लागत नाही, तो वापरून बघा. डोकं पुढे वाकवा, नाकाने श्वास घ्या, मागच्या दाढा शेवटी घ्या. सकाळी अजिबात जमत नसेल, तर मळमळ नसते अशी वेळ शोधा, दुपारी चारलासुद्धा चालेल. एखाद्या दिवशी नुसत्या पाण्याने ब्रश केलात तरी तो न करण्यापेक्षा कितीतरी बरा.

डोहाळ्यांच्या दिवसांत बिमली, तोरं, आवळे, कोकमाचं पाणी यांची आठवण होणारच. खा, पण जेवणासोबत खा. दिवसभर एकेक तुकडा चघळत राहणं वाईट. सोलकढी घोट घोट तासभर पिण्यापेक्षा जेवताना एकदम पिऊन घ्या आणि वर साधं पाणी प्या.

सहावा महिना. खालची दाढ रात्रभर ठणकते. एका डेंटिस्टनी बाळंतपणानंतर या म्हणून परत पाठवलं. औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणली आहे, आणि घरी फेणीत भिजवलेला कापूस दाढेत धरायला सांगतात. (मडगाव)

ती गोळी आधी बाजूला ठेवा आणि पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नायमेसुलाइड, अ‍ॅस्पिरिन यांतलं काहीही असेल, पॅरासिटामॉलसोबत जोडून असलं तरी, डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. 20 आठवड्यांनंतर या गटातल्या औषधांनी बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. 30 आठवड्यांच्या पुढे बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधीच आकसू शकते. नुसतं पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमची गोळी चालते. दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर ठेवा आणि दोन दिवसांत डेंटिस्ट गाठा. अंगदुखीची कुठलीही गोळी एकच असते, असं समजून दुकानातून मागू नका. दुकानदाराला तुमचा सहावा महिना दिसतोच असं नाही, तेव्हा तो आधी तोंडाने सांगा.

फेणी नको. दारूने हिरडी आणि गाल भाजतो, काही पोटातही जाते, आणि दाढेतल्या जंतूंना काही होत नाही. लवंगेचं तेल थेट ओतल्यानेही हिरडीवर पांढरा भाजल्याचा डाग पडतो. अर्धा चमचा मीठ घातलेल्या ग्लासभर कोमट पाण्याच्या गुळण्या करा आणि दाढेत अडकलेलं अन्न फ्लॉसने काढा. यापलीकडे घरी करण्यासारखं काही नाही.

आता "नंतर या"चं. रात्रभर ठणकणं म्हणजे कीड दाढेच्या नसेपर्यंत पोचली आहे. ती तीन महिने थांबत नाही. नस मरते, दुखणं काही दिवस गायब होतं, सगळे सुटलो म्हणतात, आणि मग मुळाशी पू साठून गाल सुजतो. तान्हं बाळ मांडीवर असताना ते निस्तरणं जास्त कठीण. 14 ते 20 आठवड्यांचा काळ दातांच्या उपचारांसाठी सर्वात सोयीचा, पण तातडीचं काम कुठल्याही महिन्यात करता येतं आणि करावं. तुम्हाला रूट कॅनल लागेल किंवा दाढ काढावी लागेल. दोन्ही आता होऊ शकतं.

भुलीच्या इंजेक्शनची भीती बाळगू नका. लिग्नोकेन गरोदर बाईला चालतं, नेहमीच्या मात्रेतल्या अ‍ॅड्रिनॅलिनसकटसुद्धा. भूल न देता काम केलं तर वेदनेने तुमच्याच शरीरात त्याहून जास्त अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं. एका दाताच्या छोट्या एक्स-रेचं प्रारण, आपल्याला निसर्गातून एका दिवसात एरवीच मिळतं त्याच्याच आसपास किंवा कमी असतं. त्याचा रोख तोंडावर असतो, गर्भापर्यंत पोचतं ते जवळजवळ काहीच नाही. शिशाचा अ‍ॅप्रन आणि गळ्याची पट्टी मागून घ्या. गरज नसताना एक्स-रे नको, पण एक्स-रे न काढता केलेलं रूट कॅनल त्याहून नको.

खुर्चीवर पूर्ण उताणं झोपू नका. वाढलेल्या गर्भाशयाचा भार पाठीकडच्या मोठ्या शिरेवर येतो, रक्त हृदयाकडे कमी परततं आणि घाम सुटून चक्कर येते. उजव्या कुल्ल्याखाली छोटी उशी किंवा घडी केलेला टॉवेल घालून शरीर थोडं डावीकडे कलतं ठेवा. मळमळायला लागलं की लगेच हात वर करा. वेळ सकाळी उशिराची घ्या, काहीतरी खाऊन जा आणि दर अर्ध्या तासाने थांबायला सांगा. बाळंतपणाच्या डॉक्टरांची फाइल सोबत न्या.

अँटिबायोटिक लागलंच तर अमॉक्सिसिलिन साधारणपणे चालतं, डॉक्सिसायक्लिन आणि टेट्रासायक्लिन चालत नाहीत. चौथ्या महिन्यानंतर ही दोन घेतली तर बाळाच्या दुधाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. मात्र नुसत्या गोळ्यांनी दाढ बरी होत नाही.

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, तुमची तपासणी चालू असेल, तर गोवा दंत महाविद्यालयही बांबोळीलाच आहे, एकाच फेरीत दोन्ही कामं होतील. ताप आला, जबड्याखाली सूज उतरली, तोंड उघडेना किंवा थुंकी गिळता येईना, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठा.

आमच्याकडे म्हणतात, प्रत्येक बाळंतपणात एक दात जातो, बाळ कॅल्शियम ओढून घेतं. सुनेला काय खायला घालू? (पेडणे)

सासूबाई, दात जातात हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. कारण मात्र वेगळं आहे. दाताच्या कवचाला रक्तवाहिनीच नसते, मग बाळ त्यातून कॅल्शियम ओढणार कसं? पूर्ण गरोदरपणात बाळाला सुमारे 30 ग्रॅम कॅल्शियम लागतं. त्यासाठी आईचं आतडं अन्नातून जास्त कॅल्शियम शोषतं, आणि कमी पडलंच तर हाडांतून घेतलं जातं. दात जातात ते उलट्यांनी, सुजलेल्या हिरड्यांनी, दिवसातून आठ वेळा थोडं थोडं खाण्याने आणि मुख्य म्हणजे बाळंतपणाआधी आणि नंतर दोन वर्षं डेंटिस्टकडे न गेल्याने.

नाचण्याची तिजान, दूध, दही, काट्यांसकट खाता येणारी बारीक मासळी हे सगळं द्या. तिजानात गूळ असतो, वर पाणी प्यायला लावा. नेवऱ्या आणि दोदोल जेवणासोबत द्या, मधल्या वेळी उरलेलं डब्यातून काढून नको. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकत्र देऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाचं सिरप असेल तर स्ट्रॉने प्यायचं आणि लगेच चूळ भरायची, नाहीतर दात काळे पडतात. हे डाग मात्र वरवरचे असतात.

दोन दातांच्या मध्ये हिरडीवर लाल गोळा आलाय, हात लावला की रक्त. कॅन्सर असेल का? (वाळपई)

तुम्ही सांगता त्यावरून हा गरोदरपणात येणारा साधा गोळा वाटतो. वाढतो भराभर, पण कॅन्सर नसतो. बाळंतपणानंतर बहुतेक वेळा आपोआप आक्रसतो. तरी एकदा दाखवा. त्याच्या मुळाशी किटण किंवा भरलेल्या दाताची खडबडीत कड असते, ती साफ करून घ्या. खाताना चावला जात असेल किंवा रक्त थांबत नसेल तरच तो आता काढतात. आता काढला तर परत येण्याची शक्यता असते.

मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. पाचवा महिना आहे, थोडी चालेल का? (फोंडा)

नाही, थोडीसुद्धा नाही. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरडीवर चोळली की निकोटिन काही मिनिटांत रक्तात आणि नाळेतून बाळाकडे जातं. बाळाचं वजन कमी राहतं. तुमचं पोट साफ होतं तेही निकोटिनने आतड्याला दिलेल्या धक्क्याने. उठल्यावर दोन ग्लास कोमट पाणी प्या, थोडं चाला, रात्री भिजवलेले मनुके खा. इसबगोल डॉक्टरांना विचारून घ्या. तलफ आली की लगेच पेस्टने ब्रश करा आणि बडीशेप चघळा. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, आणि पहिला आठवडा सगळ्यात जड जातो. 1800-112-356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे. डबी घरात ठेवू नका, सासूबाईंची असली तरी.

डोहाळेजेवणाच्या फोटोंसाठी दात पांढरे करून घेऊ का? (म्हापसा)

ब्लीचिंग बाळंतपणानंतर. सध्या दात साफ करून घ्या, चहाचे आणि सिरपचे डाग तेवढ्यानेच निघतात.